मशीनच्या टेबलामागची माणसं

माइकवाल्याला कोणी पत्रिका देत नाही. तरी कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी तोच येतो आणि सगळ्यांच्या शेवटी तोच जातो. माजरीच्या अलीकडच्या आमच्या गावात मी उभा जन्म भोंगे बांधण्यात घालवला. लग्नं, जयंत्या, गणपती, नवरात्रातली शारदा, तेरव्या, शाळेचं गॅदरिंग, एवढंच काय, हरवलेल्या बैलाची दवंडीसुद्धा माझ्याच भोंग्यातून निघाली. बैल सापडला. मालकानं मात्र 'तो आपल्याच पायानं आला' म्हणून माझं भाडं अर्ध्यावर आणलं. आता मुलानं मोठाले डीजेचे डबे घेतले आहेत आणि माझं मुख्य काम म्हणजे खुर्चीवर बसून 'आवाज कमी कर' म्हणणं.

दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या चार गोष्टी लिहा, असा निरोप आला तेव्हा बायको पोटभर हसली. म्हणाली, "जनमभर दुसऱ्याइले बोलू देल्लं, आता तुमी बोलून राह्यले!" तिचं खरं आहे. पण दुसऱ्यांना बोलू देण्यातही कला असते, ती आधी सांगतो.

ज्याला शहरात ॲम्प्लिफायर म्हणतात त्याला आम्ही मशीन म्हणतो. मशीन मंडपाच्या मागच्या अंगाला एका टेबलावर ठेवायचं, शेजारी बॅटरी, बाहेर जनरेटर. भोंगे उंचावर, शक्यतो कडुनिंबावर, आणि त्यांची तोंडं माइककडे कधीच करायची नाहीत. केली की भोंग्यातला आवाज परत माइकात शिरतो आणि कानाचे पडदे फाडणारी शिट्टी वाजते. माइकच्या आणि ओठांच्या मध्ये वीतभर अंतर हवं. हे मी हजारदा सांगितलं असेल. तरी वक्ता येतो, माइक गिळल्यासारखा तोंडाशी धरतो, आधी त्यात फुंकतो, मग टिचकी मारतो, मग विचारतो, "येते का आवाज?" अरे बाबा, तुझी फुंकर पार रेल्वे फाटकापर्यंत गेली! पण माझा माइक ऐन वेळी बंद पडला असं पंचक्रोशीत कोणी म्हणणार नाही. त्याचा मला गर्व होता. होता म्हणतो, त्याचं कारण पुढे येईल.

जंगलाकडच्या गावांत मोहफुलं वेचायच्या दिवसांत जीपवर भोंगा बांधून फिरण्याचं कामही मी केलं. वाघ फिरतो आहे, एकट्यानं रानात जाऊ नका, असं सांगत जायचं. एका गावात डोक्यावर टोपली घेतलेल्या म्हातारीनं जीप अडवली. म्हणाली, "आमाले त सांगून राह्यले, वाघाले सांगतलं का?" मी तिला टोपलीसकट जीपमध्ये बसवलं आणि घरी सोडलं.

बायकोचं माहेर चामोर्शीकडचं, म्हणून तिकडच्या लग्नांनाही माझं मशीन जायचं. तिथल्या एका लग्नात नवरीच्या मामानं सकाळी माइक हातात घेतला तो जेवणं आटोपेपर्यंत सोडला नाही. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं नाव तो पदासकट पुकारत होता. "कृषी सहायक बोरकुटे साहेब आलेले आहेत, त्यांचं स्वागत आहे. विजेच्या ऑफिसातले चिचघरे भाऊ आलेले आहेत, त्यांचं डबल स्वागत आहे." डबल का, तर मंडपाची लाइन त्याच भाऊंनी जोडून दिली होती. हसू नका. आमच्या भागात माइकवर माणसाचं नाव पदाशिवाय घ्यायची पद्धतच नाही. लग्नपत्रिकेत तर काकाच्या नावाखाली कंसात काकाचं सरकारी खातं छापलेलं असतं. पद नसलेल्याचं नाव नुसतं घेतलं तर ऐकणाऱ्यालाच कसंतरी होतं. या पद्धतीपायी जे झालं, ते सांगायलाच मी आज बसलो आहे.

आमचं घर कापूस-सोयाबीनवाल्यांचं. विहार गावाच्या दुसऱ्या अंगाला, बौद्ध वस्तीत. पण माइकवाल्याला अमुक वस्ती परकी असं नसतं, आणि विहारात तर मी पाहुणा नव्हेच. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, तिथं रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. वाचक एक, ऐकणारी सगळी वस्ती. माझं लहान मशीन ते तीन महिने तिथंच असायचं. आणि वाचक देविदासभाऊ.

देविदासभाऊ खाणीवर डंपर चालवायचे. कोळशाच्या वरची माती काढायचं काम एका खासगी कंपनीकडे होतं, त्या कंपनीत. ड्युटी संपली की अंगावरची काळी धूळ धुवायची, पांढरा शर्ट घालायचा आणि विहारात हजर. आवाज असा, की मला मशीनचं एकही बटन फिरवावं लागत नसे. वाचता वाचता दुःखाचा प्रसंग आला की ते थांबायचे, पाणी प्यायचे नाहीत, नुसते थांबायचे. बायका तेवढ्यात डोळे पुसून घ्यायच्या. वस्तीतली लग्नं तेच लावायचे. कोणाला चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यायचं असेल तर गाडी तेच ठरवायचे. कंपनीतली गावची सगळी पोरं त्यांच्या शब्दात होती. जयंतीची मिरवणूक, पताका, पंगतीचं वाढप, सगळं या डंपरवाल्यांच्या खांद्यावर.

मग एका उन्हाळ्यात मातीच्या कामाचा ठेका संपला. कंपनीनं आपले डंपर ट्रेलरवर चढवले आणि ती निघून गेली. माणसं ट्रेलरवर चढत नाहीत, ती इथंच राहिली.

आम्हाला सगळ्यांना वाटलं, पगार गेला हे वाईट झालं, पण आता ही मंडळी गावाला जास्त वेळ देतील. मी स्वतः चहाच्या टपरीवर हे बोललो. झालं अगदी उलटं. रिकामा माणूस गावात जास्त दिसत नाही, कमी दिसतो, हे मी मंडपाच्या मागे बसून शिकलो.

वैशाखात बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम होता. सूत्रसंचालन मेश्राम गुरुजींकडे. गुरुजी आमच्या शाळेतले, मनानं सोनं, पण माइक हाती आला की त्यांच्या अंगात येतं. दरवर्षी ते देविदासभाऊंना मंचावर बोलवताना म्हणायचे, "शंभर टनाचा डंपर एका हातानं फिरवणारे, आपले लाडके वाचक, देविदासभाऊ!" आणि टाळ्या पडायच्या. त्या दिवशी त्यांचं नाव आलं आणि गुरुजी अडखळले. डंपर तर गेला. नुसतं नाव घ्यावं तर अपमान. आपल्याकडे माजी सरपंचाला, माजी सभापतीला मरेपर्यंत मंचावर खुर्ची मिळते, हे गुरुजींना आठवलं असावं. भल्या मनानं, चांगला खणखणीत आवाज लावून ते म्हणाले, "माजी डंपर ऑपरेटर, माननीय देविदासभाऊ!"

चार भोंगे होते. गावाच्या चारी दिशांना 'माजी' पोचलं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. देविदासभाऊ उठले, हात जोडले, मंचावर गेले, शेवटपर्यंत खुर्चीत बसले. त्यानंतर ते विहारात आलेच नाहीत. आणि ते येईनासे झाले तशी कंपनीतली बाकीची पोरंही येईनाशी झाली. विहारामागे रोज व्हॉलीबॉल चालायचा, त्या जाळीवर आता दोडक्याचा वेल चढला. देविदासभाऊंची पत्नी शोभावहिनी एकट्या यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "घरीच हायेत. कोणी आलं का आतल्या खोलीत जाऊन बसतेत. मले म्हणतेत, तू जा, माझं डोकं दुखून राह्यलं. दोन महिन्यापासून डोकंच दुखून राह्यलं बाप्पा त्यायचं."

आषाढी पौर्णिमेला वाचन सुरू झालं. वाचक म्हणून गुरुजी बसले. गुरुजी ग्रंथ वाचत तेव्हा हजेरी घेतल्यासारखं वाटे. महिनाभरात निम्मी सतरंजी मोकळी दिसू लागली. अनसूयाबाई म्हणून वस्तीतली सर्वांत म्हातारी बाई, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, ती नेमानं पुढे बसायची. एकदा वाचन संपल्यावर ती मोठ्यानं म्हणाली, "गुरुजी, तुमी वाचता चांगलं, पण मले आयकू येते, दिसत नाई." गुरुजींना ते लागलं. मलाही लागलं, पण मला त्यातलं खरंही कळलं. देविदासभाऊ वाचायचे तेव्हा त्या आंधळ्या बाईला सगळं दिसत असे.

श्रावणात वस्तीत एक लग्नाचं रिसेप्शन झालं. मी मागे मशीनपाशी बसलो होतो. आता इथं तुम्हाला माझ्या टेबलामागची जागा सांगायला हवी. मंडपात प्रत्येकाची जागा ठरलेली असते: मंचावरचे, पुढच्या खुर्च्यांवरचे, सतरंजीवरचे. ज्यांना कुठंच बसावंसं वाटत नाही ती माणसं माझ्या टेबलामागे येऊन उभी राहतात. घटस्फोट झालेला भाऊ, परीक्षेत आपटलेला पोरगा, सोयरीक मोडलेल्या मुलीचा बाप. तिथं उभ्या असलेल्या माणसाला कोणी पुकारत नाही. लोकांना वाटतं तो वायर बघतो आहे. इतक्या वर्षांत मी त्यांच्यातल्या कोणालाच 'इथं काऊन?' म्हणून विचारलं नाही. हातात वायर देतो, नाहीतर बॅटरीवर नजर ठेवायला सांगतो.

त्या दिवशी वळून बघतो तर देविदासभाऊ. मागे जनरेटरपाशी त्यांच्या कंपनीतली चार-पाच पोरं.

"भाऊ, आत चला ना," मी म्हटलं. नियम मोडला मी.

"इथीच बरा हावो."

"जेवले का?"

"घरी जेवलो."

लग्नाच्या मांडवात घरी जेवून आलेला माणूस. मी त्यांच्या हातात दुसरा माइक दिला. म्हटलं, "जरा याचा आवाज पाहा बरं, मले शंका हाय."

त्यांनी माइक परत माझ्याच हातात ठेवला. "मी आता कोण हावो बोलाले? काम होतं तवा माणसं माझं आयकत होती. आता बोललो त म्हणतीन, रिकामा हाय म्हून बोलून राह्यला."

"असं कोण म्हणते?"

"कोणी म्हणत नाई. माझं मन म्हणते."

मी माइक टेबलावर ठेवला. पण ते शेवटपर्यंत टेबलामागे उभे राहिले, आणि एकदा बॅटरीचा चिमटा सुटला तेव्हा मी सांगायच्या आत त्यांनी तो बसवला.

आश्विनी पौर्णिमेला समाप्ती. शेवटचं प्रकरण वाचायचं, मग अख्ख्या वस्तीचं भोजनदान. आदल्या दिवशी गुरुजी माझ्या घरी आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "मी त्यांच्या घरी तीनदा गेलो. दार उघडतात, चहा देतात, पण विषय काढू देत नाहीत. माझ्याच तोंडून गेला हो तो शब्द. समाप्तीही मीच वाचली तर माणूस कायमचा तुटला समजा."

मी विचार केला. मंचावर तो माणूस येणार नाही. सतरंजीवरही बसणार नाही. पण रिसेप्शनला आला तसा समाप्तीला येणार, एवढं नक्की, आणि येणार कुठं, तेही मला माहीत होतं. म्हटलं, "गुरुजी, ग्रंथ मंचावर ठेवूच नका. माझ्याकडे आणून द्या. आन् उद्या कोणाचंही पद घेऊ नका. नुसती नावं."

"कोणाचंच नाही? अहो, चंद्रपूरहून इंजिनिअर साहेब येणार आहेत. सरपंच आहेत."

"कोणाचंच नाई."

गुरुजींना थंडी वाजल्यासारखं झालं. पण ते हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडप भरला. गुरुजी उभे राहिले आणि नुसती नावं पुकारू लागले. सरपंचांनी आपलं नाव ऐकलं आणि मागे वळून पाहिलं, त्याच नावाचा दुसरा कोणी आला की काय! इंजिनिअर साहेब तर दुसऱ्यांदा पुकारल्यावर उठले. एवढ्यात देविदासभाऊ माझ्या टेबलामागे येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट. पोरं नेहमीप्रमाणे बाहेर जनरेटरपाशी.

मी मशीनमागे हात घालून मंचाची वायर ओढून काढली.

गुरुजींचे ओठ हलत राहिले आणि आवाज गेला. सगळ्या मंडपानं माना वळवून माझ्याकडे पाहिलं. एक जण मोठ्यानं बोललाही, "काय भाऊ, तुमचा माइक बंद पडला?" ते ऐकून माझ्या काळजात काय झालं ते माझं मला माहीत. मी म्हटलं, "पडला. मंचाची लाइन गेली. इथून, मशीनपासूनच चालते."

मग ग्रंथ उचलून देविदासभाऊंपुढे टेबलावर ठेवला. खूण ठेवलेलं पान उघडलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सुटलेल्या वायरकडे पाहिलं. डंपर चालवलेला माणूस, त्याला वायरीतलं कळत नाही असं थोडंच आहे. म्हणाले, "तुमचा माइक कवाच बंद पडत नाई."

"आज पडला."

"नाव घ्याचं नाई माझं."

"नाई घेत. इथं तुमी दिसतही नाई. सगळ्याइची तोंडं तिकडं हायेत."

वाटलं, जातात आता. मग त्यांनी माइक उचलला, वीतभर अंतरावर धरला आणि वाचायला सुरुवात केली.

पहिल्या दोन ओळी आवाज घोगरा होता. तिसरीला सुटला. मी बटनाकडे हात नेला आणि मागे घेतला, गरजच नव्हती. पुढे सतरंजीवर बसलेल्या अनसूयाबाईंनी मान वर केली. त्यांना मंच काय आणि मशीन काय, दिसत काहीच नाही. पण भोंगा सोडून त्यांनी त्या आवाजाचं मूळ हेरलं, हाताचा आधार घेतला आणि बसल्या जागी पूर्ण वळून मंचाकडे पाठ केली. शेजारच्या बाईनं त्यांना सरळ करायला हात लावला तर तिच्या हातावर चापटी मारली. म्हणाल्या, "देविदास तिकडं हाय, मी इकडं काऊन पाहू?"

मग ती शेजारीण वळली. मग तिच्या मागची. सतरंजीवरच्या सगळ्या बायका, पोरंसोरं, मग खुर्च्यांवरचे पुरुष खुर्च्या ओढत वळले. मंचावर इंजिनिअर साहेब आणि सरपंच, आणि समोर नुसत्या पाठी! शेवटी तेही खाली उतरले आणि सतरंजीच्या कडेला येऊन बसले. सगळी वस्ती माझ्या टेबलाकडे तोंड करून. देविदासभाऊ पुस्तकात डोकं घालून वाचत होते, पान उलटताना त्यांना हे दिसलं. ते थांबले. पाणी प्यायले नाहीत, नुसते थांबले. या खेपेला डोळे पुसायला वेळ त्यांना स्वतःला हवा होता. कोणी टाळी वाजवली नाही. सगळे वाट बघत बसले. मी तर मशीनच्या मागे वाकून रडून घेतलं, माइकवाल्याला एवढी सोय असते.

प्रकरण संपलं. साधुकार झाला, तीनदा 'साधु'चा घोष. गुरुजी मंचाच्या पायरीवर हात जोडून उभे होते. तेवढ्यात आचाऱ्यानं आवाज दिला, पंगत बसवा, भात निवून राह्यला. पण वाढायला माणसंच नव्हती. दरवर्षी वाढायचे ते सगळे बाहेर.

देविदासभाऊंना डंपरची नोकरी त्या दिवशी मिळाली नव्हती, आणि आजही मिळालेली नाही. धानाच्या हंगामात ब्रह्मपुरीकडे ट्रॅक्टर चालवायला जातात, बाकी दिवस मिळेल ते करतात. पण त्या दिवशी त्यांनी माइक खाली ठेवला नाही. मंडपाबाहेर, जनरेटरपाशी उभ्या असलेल्या पोरांकडे पाहिलं आणि चारी भोंग्यांतून एकेकाला हाक मारली.

"विलास. मनोज. अरुण. संजू. या रे आत. बादल्या भरून ठेवल्या हायेत, वाढाले हात पायजेत."

जनरेटरपाशी कोणी हललं नाही. मग विलासनं चपला काढल्या.